सपाटीवर गचके देणारी गाडी

पेट्रोल गाडी चढाला दम टाकते, ही तक्रार आमच्याकडे रोजची. पंप कमी मारत असतो, फिल्टर तुंबलेला असतो, प्लग गेलेले असतात, नाहीतर क्लच घसरत असतो. काहीतरी हाताला लागतंच. पण गाडी चढाला बिनतक्रार जाते आणि सपाटीला आली की गचके देते, असं कुणी सांगितलं की मी हातातला पाना खाली ठेवतो आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावतो.

हे सांगत आल्या त्या एका प्राथमिक शाळेच्या बाई. राहायला टिळकवाडीत, शाळा खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे. बेळगाव, पिरनवाडी, किणये, जांबोटी हा त्यांचा रोजचा रस्ता. पुढे कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्यात उतरतो तोच. माझं गॅरेज तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडे, उद्यमबागेच्या बाजूला. म्हणजे बाई रोज माझ्या दारावरूनच जायच्या. शनिवार होता, सकाळची शाळा सुटली आणि त्या गाडी घेऊन थेट आत आल्या.

गाडी केए-२२ पासिंगची, बीएस-३ या जुन्या प्रदूषण-नियमाच्या काळातली, चार सिलिंडरची पेट्रोल. थ्रॉटल केबलवरची, म्हणजे पायाने पेडल दाबलं की तार ओढली जाते आणि थ्रॉटल बॉडीतला बटरफ्लाय, म्हणजे इंजिनाला हवा सोडणारी झडप, उघडतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे जो भाग दोषी निघाला तो सगळ्याच कंपन्यांच्या जुन्या गाड्यांत असाच झिजतो, त्यात एकीचं नाव घेण्यात अर्थ नाही.

बाईंच्या हातात प्लास्टिकची फाईल होती. आत बिलं तारीखवार लावलेली. प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलचा फिल्टर बदलला, मग टाकीतला पंप बदलला, थ्रॉटल बॉडी स्प्रे मारून साफ केली. एकाने वायरिंग उघडून कनेक्टरला ग्रीस भरलं होतं. कणकुंबीच्या बाजूचा पाऊस बघितला तर त्याचा संशय अगदीच चुकीचा नव्हता. पावसाळ्यात त्या पट्ट्यातून आलेल्या गाड्यांच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज मी स्वतः खूप बघितलाय. पण एवढं सगळं होऊन गचका होता तिथंच होता.

"मेस्त्री, ज्यानं त्यानं गाडी फिरवून आणली आणि काहीतरी बदललं," बाई म्हणाल्या. "खरं कधी होतंय, कुठं होतंय, हे मला कुणी विचारलंच नाही बघा."

मी विचारलं. तर बाईंनी पर्समधून डायरी काढली. गाडी जिथे जिथे अडखळली ते त्यांनी लिहून ठेवलं होतं. चौथा गिअर. वेग पन्नास ते पंचावन्न. रस्ता सपाट, पाय हलका. जांबोटीकडच्या चढाला नाही. ट्रकला ओव्हरटेक करताना नाही. पाऊस असला तरी होतं, कडक ऊन असलं तरी होतं. आणि खाली एक ओळ अधोरेखित केलेली: पाय जास्त दाबला की थांबतं.

या व्यवसायात मी जन्म काढला, पण गिऱ्हाइकाकडून एवढी स्वच्छ तक्रार क्वचितच मिळाली असेल. त्या पानावर निम्मं निदान होतं. पंप कमजोर असता तर जास्त पेट्रोल लागतं तिथे, म्हणजे चढाला, गाडी मेली असती. प्लग-कॉइलचं असतं तर लोड आल्यावर मिसफायर झालं असतं. वायरीत पाणी असतं तर उन्हात बरं वाटलं असतं. इथे सगळं उलट. इंजिनावर भार कमी असताना, पेडल एका ठरावीक जागी धरलेलं असतानाच गचका. ती जागा ओलांडली, मग वर जाऊन असो की खाली येऊन, की गाडी सुधारते. म्हणजे दोष पेट्रोलमध्ये नाही, ठिणगीत नाही. पेडलची जागा इंजिनाच्या कॉम्प्युटरला जो सांगतो त्याच्यात आहे. थ्रॉटल पोझिशन सेन्सर. आम्ही नुसतं टीपीएस म्हणतो.

बाईंना तो दाखवला. थ्रॉटल बॉडीच्या बाजूला, तार जिथे ओढली जाते त्याच्या विरुद्ध टोकाला, दोन स्क्रूंनी बसवलेला काळा प्लास्टिकचा डबा. बटरफ्लायचा दांडा फिरला की आतला पितळी हात काळ्या पट्टीवरून सरकतो. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण आठवा, तेच आत आहे. पट्टीच्या एका टोकाला पाच व्होल्ट, दुसऱ्या टोकाला अर्थ, म्हणजे मायनस. हात जिथे टेकलेला असेल तिथलं व्होल्टेज तिसऱ्या वायरीने ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या त्या कॉम्प्युटरला, जातं. पेडल सोडलेलं असताना अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर, पूर्ण दाबलं की चारच्या वर. ईसीएम त्यावरून ठरवतो की पेट्रोल किती सोडायचं.

आता बाईंचा रोजचा रस्ता डोळ्यापुढे आणा. त्याच वेगाने, त्याच गिअरमध्ये, त्याच हलक्या पायाने वर्षानुवर्षं. पितळी हात दररोज पट्टीच्या एकाच जागी थरथरत राहतो, रस्त्याच्या हादऱ्याने तिथेच घासत राहतो. बाकीची पट्टी जवळजवळ कोरी, ती एक जागा झिजून गेलेली. म्हणून मी म्हणतो की टीपीएस कुठे गेला हे बघायचं असेल तर आधी गाडीवाल्याला त्याचा रोजचा रस्ता विचारा. घाटातल्या जीपवाल्याचा वेगळ्या जागी झिजणार, गावातल्या गावात फिरणाऱ्या डॉक्टरांचा वेगळ्या जागी.

तर्क कितीही बरोबर वाटला तरी मोजल्याशिवाय भाग बदलायचा नाही, हा माझा नियम. बाईंच्या फाईलमधलं प्रत्येक बिल कुणाच्या तरी तर्काचंच होतं.

आधी स्कॅनर लावला. एकही कोड, म्हणजे ईसीएमने केलेली दोषाची नोंद, नाही. पोरगा म्हणाला, "मामा, सेन्सर गेलाय तर लाईट का लागंना?" हाताखालचा हा पोरगा बैलहोंगलकडचा, घरात कन्नड, मराठी इथंच गॅरेजात शिकलेला, आणि डोकं तल्लख. लाईट म्हणजे डॅशबोर्डवरची इंजिनाची. प्रश्न रास्त होता. सिग्नल ठरावीक काळ सलग बिघडलेला राहिला तरच ईसीएम कोड नोंदवतो. पी ०१२२ हा सिग्नल कमी आल्याचा, पी ०१२३ जास्त आल्याचा, पी ०१२१ सिग्नल बाकीच्या आकड्यांशी जुळत नसल्याचा. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात सिग्नल पडून परत आला, तर यांतला एकही कोड पडेलच असं नाही. लाईट लागली नाही म्हणजे सेन्सर चांगला, असं धरून बरेच जण पुढे जातात आणि मग पंप बदलतात.

डिजिटल मीटरचंही तेच. तो सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतो, मधली घसरण त्याच्या हातून निसटते. म्हणून मी काट्याचा जुना मीटर अजून जपून ठेवलाय. तो दहा व्होल्टच्या रेंजवर लावला. ऑसिलोस्कोप असेल तर उत्तमच, पण टीपीएससाठी काटा पुष्कळ सांगतो.

जोडणी कशी केली ते नीट लिहितो, कारण इथंच घोटाळे होतात. कनेक्टर लावलेलाच ठेवायचा. वायर निघते त्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने बारीक सुई आत सरकवायची, ती पिनेला टेकली की झालं. वायरीच्या अंगात सुई टोचायची नाही. आमच्याकडच्या पावसात त्या भोकातून पाणी शिरतं आणि आतलं तांबं महिन्याभरात हिरवं-काळं पडतं. मग एक दोष काढायला गेलेला माणूस दुसरा घालून येतो. इंजिन बंद, चावी ऑन. पहिल्यांदा पाच व्होल्टची वायर तपासली: ४.९८. मग अर्थ, बॅटरीच्या मायनसला धरून: ०.०२. दोन्ही ठणठणीत. हे बघितल्याशिवाय सेन्सरला दोष देता येत नाही, कारण अर्थ कमजोर असला तरी सिग्नल नाचतो. पाच व्होल्टची लाईन तर बऱ्याच गाड्यांत मॅप सेन्सरलाही, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्यालाही, तीच असते. सगळ्या वायरी हाताने हलवून, वाकवून बघितल्या. काटा स्थिर.

मग सिग्नल. पेडल सोडलेलं असताना ०.८ आला. या गाडीच्या पुस्तकात ०.६ च्या आसपास पाहिजे. खाली वाकून बघितलं तर बटरफ्लायच्या स्टॉप स्क्रूवरचा कंपनीचा रंग तुटलेला. कुणीतरी आयडलिंग वाढवायला तो पिळला होता. तो स्क्रू कारखान्यात लावून दिलेला असतो, त्याला हात लावायचा नसतो. ते मनात ठेवलं आणि पुढे गेलो.

पोराला मीटर धरायला लावला आणि मी हाताने थ्रॉटल फिरवायला लागलो. अगदी सावकाश, घड्याळाला चावी देताना शेवटी हात जसा हळू होतो तसं. ०.९. १.०. १.१. काटा गुळगुळीत चढत होता.

"बित्तु, मामा, बित्तु!"

बित्तु म्हणजे कन्नडमध्ये पडला. सव्वा व्होल्टच्या अलीकडे काटा एकदम शून्याकडे कोसळला आणि लगेच वर आला. परत मागे घेतलं, परत पुढे केलं. त्याच जागी, त्याच तऱ्हेने. तिथेच थ्रॉटल धरून ठेवला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सेन्सरला बारीक ठोकत राहिलो, तर काटा वाऱ्यावरच्या पानासारखा फडफडायला लागला. पुढे दोन, तीन, चार व्होल्टपर्यंत एकही धक्का नाही. बाई वाकून बघत होत्या. "हे माझ्या डायरीतलंच की," त्या म्हणाल्या.

टेबलावरचा दोष आणि रस्त्यावरचा दोष एकच आहे याची खात्री अजून बाकी होती. सुईच्या जोडावर टेप गुंडाळली, लांब वायर जोडून बॉनेटच्या रबराखालून आत घेतली, बॉनेट नीट लॉक केलं आणि मीटर मांडीवर घेऊन मी बाईंच्या शेजारी बसलो. चालवायला त्यांनाच सांगितलं. पाय त्यांचा, सवय त्यांची. मी चालवली असती तर कदाचित ती जागा आलीच नसती.

पिरनवाडी मागे पडली, रस्ता मोकळा झाला. चौथा गिअर. बाईंचं लक्ष पुढे, माझं काट्यावर. काटा सव्वाच्या खाली येऊन टेकला आणि तिथेच थरथरत राहिला. बाई काही बोलायच्या आतच तो पडला, आणि त्याच क्षणी गाडीने पुढे डोकं टाकलं, मग मागून कुणी ढकलल्यासारखी उडी घेतली. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा. काटा पडला की गचका, काटा सरळ असला की गाडी सरळ. एकदाही चुकामूक नाही.

"दाबा आता," मी म्हणालो. बाईंनी पाय दाबला. काटा दोनच्या वर गेला आणि गाडी लोण्यात सुरी जावी तशी निघाली. त्या मिनिटाला मला जो आनंद झाला तो सांगून कळणार नाही. इतके महिने एक बाई म्हणत होती की गाडीत काहीतरी आहे, आणि लोक म्हणत होते की तुमच्या चालवण्यात आहे. आता ते काट्यावर दिसत होतं.

गचका दोन भागांत का येतो, तेही परतताना बाईंनी विचारलं. सिग्नल शून्याकडे गेला की ईसीएमला वाटतं पाय काढला. चालत्या गाडीत पाय काढला की तो पेट्रोल पूर्ण बंद करतो, इंधन वाचावं म्हणून तशी रचनाच असते. म्हणून गाडी धरल्यासारखी थांबते. बटरफ्लाय मात्र जागेवरच आहे, हवा येतेच आहे. पुढच्याच क्षणी सिग्नल परत येतो, ईसीएमला वाटतं पाय एकदम दाबला, आणि तो जास्तीचं पेट्रोल सोडतो. म्हणून उडी. आधी ब्रेक, मग लाथ.

सेन्सर गावात लगेच मिळाला, पण तो बसवला नाही. नवा भाग गाडीला लावायच्या आधी मी टेबलावर तपासतो. ओहमच्या रेंजवर दोन टोकांमधला रेझिस्टन्स बघायचा, अशा सेन्सरचा साधारण चार ते सहा किलोओहमच्या दरम्यान असतो, आणि मग मधली पिन धरून दांडा फिरवायचा. या नव्या सेन्सरचा काटा सुरुवातीलाच अडखळत चढला. खोकं चकचकीत, वरचं लेबलही खऱ्यासारखं, आतला माल कमी दर्जाचा. दुकानदाराला परत दिला. त्याने कुरकुर न करता घेतला, हे त्याचं चांगुलपण. मग कोल्हापूरला फोन लावला, तिथल्या ओळखीच्या दुकानात कंपनीचा होता. संध्याकाळच्या बसने पार्सल आलं, पोराने स्टँडवरून आणलं. याचा काटा शून्यापासून वरपर्यंत एका दमात चढला.

रविवारी गॅरेज बंद असतं. पण सोमवारी बाईंना शाळेला जायचं होतं, आणि त्या वाटेला बसच्या वेळा कशा आहेत ते मला माहीत आहे. सकाळी शटर उघडलं.

जुन्या सेन्सरचे स्क्रू गंजून धरले होते. अशा वेळी जोर लावला की मऊ डोकं गोल होतं आणि मग ड्रिल घ्यावं लागतं. गंजाचं तेल टाकून थांबलो, ड्रायव्हर बसवून वरून हलकेच दोन ठोके दिले, तेव्हा सुटले. आधी तो पिळलेला स्टॉप स्क्रू जागेवर आणला: बटरफ्लाय भिंतीला अडकू नये एवढाच टेकवायचा आणि तारेला किंचित ढील आहे ना ते बघायचं. मग नवा सेन्सर. याच्या स्क्रूची भोकं लांबट असतात, त्यामुळे डबा थोडा फिरवून मीटरवर ०.६ आला की तिथे आवळायचा. आवळताना काटा सरकतो, म्हणून आवळल्यावर परत बघायचं. काही गाड्यांत भोकं गोल असतात, तिथे हा प्रश्नच नाही. दर गाडीचा आकडा वेगळा, पुस्तक बघूनच लावायचा. एका गाडीचा आकडा दुसरीला चालवला की आयडलिंगचा नवा आजार सुरू होतो. नंतर बॅटरीची मायनस काढून ठेवली, म्हणजे ईसीएमने झिजलेल्या सेन्सरवरून शिकलेलं विसरावं. परत जोडून इंजिन गरम होऊन फॅन लागेपर्यंत, पेडलला हात न लावता आयडलिंगला सोडलं.

तेवढ्या वेळात जुना सेन्सर करवतीच्या पात्याने उघडला. सिरॅमिकच्या पांढऱ्या तुकड्यावर काळ्या कार्बनच्या दोन कमानी. सुरुवातीपासून थोडं पुढे, नखाच्या टोकाएवढ्या जागेत काळा रंग उडून खालचं पांढरं दिसत होतं. आजूबाजूला काजळीसारखी पूड. पितळी हाताच्या बारीक बोटांपैकी एक वाकलेलं. स्प्रे मारून सेन्सर दुरुस्त होतो म्हणणारे हे बघत नाहीत: स्प्रेने पूड निघते, दोन दिवस गाडी बरी चालते, पण गेलेली पट्टी परत येत नाही.

बाई आल्या, तो तुकडा हातात घेऊन उजेडाला धरून खूप वेळ बघत राहिल्या. मग गाडी घेऊन एकट्याच किणयेपर्यंत जाऊन आल्या. परत आल्यावर काही न बोलता फाईलमध्ये माझं बिल लावलं. पंपाच्या बिलापुढे सेन्सरचं बिल किरकोळच होतं. "हे मला द्याल का? सातवीच्या पोरांना दाखवते," त्या तुटक्या सेन्सरकडे बोट करून त्यांनी विचारलं. दिला की.

त्या आठवड्यातच दुपारी त्यांचा फोन आला, मागे वर्गाचा गलका. एका मुलाने विचारलं होतं की त्याच्या बाबांच्या मोटारसायकलला हे असतं का. मी म्हणालो, बाबांची गाडी कधीची ते विचारा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हापासून बहुतेक मोटारसायकलींचा कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं आणि त्याच्याबरोबर थ्रॉटल पोझिशन सेन्सरही. जुनी असेल तर बहुधा नसेल. पलीकडून पोराने ओरडून सांगितलं, गाडी नवी आहे. वर्गातल्या पोरांसाठी एक निकामी झालेली आख्खी थ्रॉटल बॉडी पुसून बाजूला काढून ठेवलीय, बटरफ्लाय आणि तारेसकट. बाई पुढच्या ऑइल बदलायला आल्या की घेऊन जातील.